वीतभर लोखंडाचा दुवा

मोटार विकत घेताना माणसे तिचा रंग पाहतात, आसने पाहतात, एका लिटरमध्ये किती धावते हे विचारतात. वाकून तिच्या पोटाखाली पाहणारे गिऱ्हाईक माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही. वास्तविक मोटारीचा सारा संसार तेथेच मांडलेला असतो. दांड्या, स्प्रिंगा, रबराचे बुश, नळ्या, आणि या सर्वांना एकमेकांशी जखडून ठेवणारे बोल्ट. या पसाऱ्यात पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या अंगाला वीतभर लांबीची एकेक बारीक दांडी उभी असते. गॅरेजमध्ये तिला ‘लिंक रॉड’ म्हणतात. सुट्या भागांच्या दुकानात ‘स्टॅबिलायझर लिंक’ असे भारदस्त नाव सांगावे लागते. मराठीचा शिक्षक या नात्याने मी तिला ‘दुवा’ म्हणतो, आणि ती ज्या मोठ्या दांड्याला जोडलेली असते त्याला ‘तोलदांडा’. हे शब्द आमच्या घरात आता रुळले आहेत. गॅरेजात मात्र ते उच्चारण्याचे धाडस मी अद्याप केलेले नाही.

हे दुवे मी 2023 च्या उन्हाळी सुट्टीत बेळगावच्या उद्यमबागेत स्वतः उभे राहून करवून घेतले. हौस म्हणून नव्हे. मला मोटारींचे वेड नाही आणि वेगाचे तर मुळीच नाही. माझी शाळा खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे जंगलाच्या कडेला आहे. सरकारी मराठी शाळा, पट सत्तावीस. प्रतिभा कारंजीसारखी स्पर्धा असली म्हणजे निवडलेल्या मुलांना सकाळी वेळेवर खानापुरात पोहोचवावे लागते. बसची वेळ त्या दिवशी जमत नाही, आणि पाच मुलांना घेऊन मी माझ्या 2009 सालच्या डिझेल गाडीतून निघतो. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिकडच्या रस्त्यांची अवस्था निराळी सांगायला नको. मृगापासून दिवाळीपर्यंत गाडीचे एक चाक खड्ड्यात आणि दुसरे खड्ड्याबाहेर, असाच प्रवास चालतो.

आणि नेमका हाच प्रवास त्या दुव्याच्या मुळावर येतो. तो का, हे समजण्यासाठी तोलदांड्याचे काम थोडे पाहावे लागेल. त्याला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. स्प्रिंगच्या पोलादाचा एक दांडा चौकटी कंसासारखा वाकवलेला असतो. त्याची मधली सरळ रेघ गाडीच्या रुंदीत आडवी, रबराच्या दोन बुशांत धरलेली असते. वळलेली दोन टोके दोन चाकांकडे जातात आणि दुव्यांच्या द्वारे त्या त्या चाकाच्या आधाराला जोडली जातात. दोन्ही चाके एकदम उचलली गेली, म्हणजे गाडी गतिरोधकावरून सरळ गेली, तर दांडा आपल्या बुशांत नुसता फिरतो. तो कोणाला मदत करीत नाही की अडवीत नाही. वळणावर मात्र गाडी एका अंगाला कलू लागली की एक टोक वर आणि दुसरे खाली जाऊ पाहते, दांड्याला पीळ बसतो, आणि तो पीळ उलगडू पाहणारा दांडा कललेल्या गाडीला पुन्हा समपातळीकडे ओढतो. या कल्पनेचे पेटंट 1919 साली कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन नावाच्या गृहस्थाला मिळाले. त्यानंतर मोटारीत काय बदलले नाही? पण हा पिळाचा दांडा आजही जवळपास तसाच आहे.

आता खड्ड्यांचा रस्ता घ्या. उजवे चाक खाली, डावे वर. पुढच्या क्षणी नेमके उलट. दर वेळी दांड्याला पीळ पडणार आणि तो सगळा जोर त्या वीतभर दांडीतून, कधी ओढीच्या रूपाने तर कधी दाबाच्या रूपाने, जाणार. दांडीच्या दोन्ही टोकांना लहानसे गोलक असतात, वाटीत फिरणाऱ्या गोट्यांसारखे. त्यांच्यावरचे रबरी टोपण एकदा फाटले की आमच्याकडची तांबडी माती आत शिरते, पाण्याबरोबर तिची खळ होते, आणि ती खळ गोलकाला कानशीसारखी घासते. मग पुढून ‘टक् टक्’ असा आवाज सुरू होतो. माझ्या गाडीत तो तीन पावसाळ्यांत तीनदा सुरू झाला. दर वेळी दुकानातून नवी जोडी आणायची, आणि पुढच्या श्रावणापर्यंत ती खिळखिळी. तिसऱ्या वेळी तर एका दांडीचे वेल्डिंग गोलकाच्या मुळाशी सुटलेले निघाले. ती कोणाची बनावट होती हे सांगण्यात स्वारस्य नाही; जुन्या गाड्यांना हल्ली मिळेल तो माल बसवावा लागतो.

उद्यमबागेत माझा एक जुना विद्यार्थी लेथ चालवतो. सातवीत असताना निबंध म्हटला की त्याच्या पोटात दुखायचे. त्याला मी ती सुटलेली दांडी दाखवली. त्याने ती व्हर्नियरमध्ये धरली, प्रकाशात फिरवली आणि म्हणाला, “सर, ह्यापेक्षा चांगली इथं होईल की.” मी उत्साहाने म्हटले, “मग चांगली जाडजूड कर.” त्यावर तो हसला. “जाड करून काय उपेग सर? भोक दहाचंच हाय की.”

या एका वाक्यात भक्कमपणाचे सगळे शास्त्र आहे असे मला वाटते. दुवा कितीही जाड केला तरी तो ज्या भोकांत बसायचा ती भोके 10 मिलिमीटरच्या बोल्टाची. बोल्ट 12 चा घालावा म्हणून तोलदांड्याचे चपटे टोक कोरून मोठे केले, तर भोकाच्या कडेला उरणारे लोखंड कमी होते आणि उद्या दांडाच तुटतो. दुव्याची किंमत शेकड्यांत, दांड्याची हजारांत. तेव्हा बोल्ट 10 चाच ठेवायचा, फक्त दर्जा पाहून घ्यायचा. बोल्टाच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे कोरलेले असतात. या आकड्यांनाही एक व्याकरण आहे. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की तो बोल्ट दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ओढीला तुटेल ते कळते. दुसरा आकडा सांगतो की त्या ओढीच्या किती दशांशाला तो कायमचा ताणू लागेल. म्हणजे 8.8 चा बोल्ट 800 ला तुटतो आणि त्याच्या आठ दशांश, 640 ला, हार मानतो. ज्याच्या डोक्यावर काहीच लिहिलेले नाही त्याला गाडीखाली जागा नाही.

दुव्याचा मधला भाग ईएन-8 या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या षट्कोनी सळईचा घेतला. 19 मिलिमीटर जाडी, 170 मिलिमीटर लांबी. दोन्ही टोकांना 10.2 च्या ड्रिलने 30 मिलिमीटर खोल भोक पाडून 12 चे आटे काढायचे. यातली गंमत अशी की एका टोकाचे आटे उजवे आणि दुसऱ्याचे डावे. दोन्ही टोकांत ‘रॉड एंड’ नावाचे तयार गोलक आटून बसवले, एक उजव्या आट्यांचा, एक डाव्या. दांडा 12 चा आणि भोक 10 चे, अशा मापाचे ते बेअरिंगच्या दुकानात मागवून मिळतात. मग मधली सळई पान्याने एका दिशेने फिरवली की दोन्ही गोलक एकदम बाहेर सरकतात, उलट फिरवली की एकदम आत येतात. एका पूर्ण फेऱ्यात लांबी साडेतीन मिलिमीटरने बदलते. मोटार उचलावी लागत नाही, दुवा काढावा लागत नाही. शेवटी दोन्हीकडे चेक नट आवळून मुक्काम पक्का करायचा. गोलकाचा दांडा आट्यांत निदान दीडपट जाडीइतका, म्हणजे 18 मिलिमीटर तरी, आत असला पाहिजे. आम्ही 22 ठेवला. या सगळ्यात वेल्डिंगचा एकही टाका नाही. ते मुद्दाम; वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचा मूळ पाणीदारपणा बदलतो, आणि तडा पडतो तो बहुधा त्याच कडेला.

पहिला तुकडा तयार झाला तेव्हा मला तो अगदी निर्दोष वाटला. त्याने त्यात एक लांब सरळ बोल्ट आटून सळई चकमध्ये फिरवली. बोल्टाचे टोक किंचित डगमगत होते. “आटे तिरके गेले,” एवढेच म्हणून त्याने तो तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला. शंभरांत पस्तीस गुणांना उत्तीर्ण करण्यात माझी तीस वर्षे गेली. त्याच्याकडे नव्व्याण्णवाला नापास करतात हे पाहून, खरे सांगतो, मला बरे वाटले.

खरा प्रश्न मात्र घरी विचारला गेला. दुवे टेबलावर ठेवून मी त्यांचे कौतुक सांगत होतो. सौभाग्यवतींनी ते नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही दोघं बसा त्या गाडीत खुशाल. पण लोकांची मुलं बसवणार आहात ना? घरी केलेली वस्तू उद्या तुटली तर?”

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, आणि मी तो टाळला नाही. कारखान्यातून आलेला भाग तुटला तर आपण कारखान्याला दोष देऊन मोकळे होतो; आपण करवून घेतलेल्या भागाची जबाबदारी आपल्यापाशीच राहते. तेव्हा विचारायचे ते असे: हा भाग तुटलाच, तर गाडीचे नेमके काय होते? दुवा तुटला तर तोलदांड्याचे एक टोक सुटते. पीळ बसत नाही. वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते, खडखड ऐकू येते. पण चाक आपल्या जागी राहते, सुकाणू हातात राहते, ब्रेक लागतो. सावकाश चालवीत घरी येता येते. माझ्या त्या तिसऱ्या जोडीतली दांडी सुटली तेव्हा मी असाच जांबोटीहून बेळगावला आलो होतो. एक धोका उरतो, तो म्हणजे सुटलेली दांडी लोंबकळत टायरला किंवा ब्रेकच्या नळीला लागण्याचा. त्यासाठी गोलकाच्या बाहेरच्या अंगाला, बोल्टाच्या डोक्याखाली, गोलकाच्या वाटीहून मोठा असा जाड वॉशर घातला. आतला गोळा झिजून वाटीबाहेर आला तरी वाटी त्या वॉशरला अडते, दुवा निखळून पडत नाही.

आता हाच प्रश्न सुकाणूच्या टाय रॉडबद्दल किंवा खालच्या आर्मच्या बॉल जॉइंटबद्दल विचारून पाहा. ते तुटले तर चाक मन मानेल तिकडे वळते आणि गाडी आपली राहत नाही. त्या जागी घरगुती कारागिरीला, कारागीर कितीही निष्णात असो, मी कधीही हात लावू देणार नाही. तेथे अस्सल भाग, मिळेल त्या किमतीला. आणखी एक सांगायला हवे. काही जुन्या लहान गाड्यांत वेगळा दुवाच नसतो. तोलदांड्याची टोके सरळ खालच्या आर्ममध्ये जातात आणि चाकाला पुढेमागे धरून ठेवण्याचे कामही तोच दांडा करतो. तशा गाडीत माझे हे सारे पुराण लागू पडत नाही, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे. कायद्याचाही विचार केला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम वाहनात बदल करण्यावर बंधने घालते; म्हणून दुव्याची जागा, लांबी आणि काम मूळचेच ठेवले, झिजलेल्या भागाच्या जागी तसाच पण बळकट भाग बसवला, इतकेच.

सौभाग्यवतींचे यावर समाधान झाले असे मी म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, “आधी तांदळाची पोती बसवा.” सूचना रास्त होती. आम्ही ती पाळली.

बसवण्याचे काम अर्ध्या दिवसाचे. यात एक बाब फार महत्त्वाची, आणि घाईत ती हटकून राहते. गाडी जॅकवर असताना चाके खाली लोंबतात आणि तोलदांडाही वेगळ्याच कोनात असतो. त्या स्थितीत दुव्याचे माप ठरवले तर गाडी जमिनीवर आल्यावर दांड्याला आधीच थोडा पीळ बसलेला राहतो. म्हणजे सरळ रस्त्यावरही तो एका चाकाला दाबत आणि दुसऱ्याला उचलत असतो. म्हणून गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर चारही चाकांवर उभी केली. चालकाच्या जागी मी बसलो, कारण नेहमी मीच बसतो. डावीकडचा दुवा मूळच्या 234 मिलिमीटर मापावर पक्का केला आणि उजवीकडचा, बोल्ट हाताने अलगद भोकात सरकेल इतपत, फिरवून जुळवला. हातोडी लागली तर माप चुकले असे समजावे. उजवीकडे मूळ मापाहून साधारण 2 मिलिमीटर जास्त लांबी लागली. चौदा वर्षांच्या गाडीची एक बाजू तेवढी बसली असणार. माणसांचेही तसेच होते. मग 10 चे बोल्ट टॉर्क रेंचने 45 न्यूटन-मीटरला आवळले आणि सुकाणू दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून दुवा कोठे घासत नाही ना, हे बॅटरी घेऊन पाहिले.

गोलकांच्या निवडीबद्दल दोन शब्द. उघडे गोलक दिसायला सुरेख, शर्यतीच्या गाड्यांना शोभणारे. आमच्या तांबड्या चिखलात ते एक पावसाळाही काढणार नाहीत. त्यामुळे आत अस्तर असलेले, ग्रीस न लागणारे गोलक घेतले आणि दोन्ही बाजूंनी रबरी टोपणे चढवली. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: मूळच्या रबराच्या मानाने यांत मऊपणा कमी. बारीक खडीवरून जाताना पुढून येणारा आवाज पूर्वीपेक्षा थोडा अधिक ऐकू येतो. ज्यांना गाडीत बसून शास्त्रीय संगीत ऐकायचे आहे त्यांनी मूळचाच दुवा बसवावा.

याच सुमारास गॅरेजमधल्या एका तरुणाने मला सल्ला दिला की आता दुवे भक्कम आहेतच, तर तोलदांडाही जाड घाला. या सल्ल्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दांड्याचा पिळाला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास 20 वरून 22 केला, म्हणजे दहाच टक्के वाढवला, तर विरोध सुमारे 46 टक्के वाढतो. गुळगुळीत महामार्गावर वेगाने वळणे घेणाऱ्याला ते आवडेल. आमच्या रस्त्यावर मात्र उजव्या चाकाला बसलेला हिसका तो जाड दांडा तत्परतेने डाव्या चाकाला पोहोचवील आणि मागे बसलेल्या पाचही मुलांची डोकी एका तालावर डोलतील. मी नम्रपणे नाही म्हटले.

पोत्यांची परीक्षा पाच फेऱ्यांची झाली: पाच पोती, एकेक पंचवीस किलोचे, पट्ट्याने बांधलेली. शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासले. एक चेक नट पाव फेरा घेऊन घट्ट झाला. पाचशेनंतर कोणीही हलले नाही. मग विद्यार्थ्याने प्रत्येक चेक नटावरून सळईपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून दिली. नट किंचित जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पाना लावण्याची गरज नाही. जून महिन्यात मुले पहिल्यांदा गाडीत बसली. त्यांतल्या एकाला, सहावीतल्या, ही रेघेची युक्ती इतकी आवडली की निघण्यापूर्वी चाकाच्या फटीतून वाकून पाहण्याचे काम त्याने आपणहून घेतले. त्याच्या घरी बैलगाडी आहे. कुणीचा खिळा पाहिल्याशिवाय निघू नये हे त्याला शिकवावे लागले नाही.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. सुमारे चौदा हजार किलोमीटर झाले. ‘टक् टक्’ पुन्हा ऐकू आली नाही. डावीकडचे वरचे टोपण एकदा फाटले, ते बदलले. गोलक हाताने हलवून पाहिला तर त्यात खेळ नव्हता. षट्कोनी सळईवर गंज चढू लागला होता, तिला घासून रंग दिला. सगळा खर्च दुकानातल्या जोडीच्या अडीचपट झाला, त्यात विद्यार्थ्याने मजुरी घेतली नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, “सर, निबंध लिहायला लावू नका म्हणजे झालं.” त्याने जास्तीचा एक दुवाही करून दिला आहे, तेल लावून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून तो डिकीत पानाच्या शेजारी ठेवला आहे. उजवीकडच्या खालच्या टोपणाला बारीक चीर दिसते आहे. मृगाच्या आधी एका रविवारी उद्यमबागेत जाऊन तेवढे बदलून घ्यायचे आहे.